वहिवाटीसह

१

बत्तीस वर्षं मी लोकांच्या जमिनी, घरं आणि दुकानं एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती घातली, पण त्यातलं एक ढेकूळही माझ्या वाट्याला आलं नाही. मी दस्तलेखक होतो. दस्तलेखक म्हणजे काय, हे हल्ली सांगावं लागतं. नोंदणी कार्यालयाच्या आवारात एक टेबल, त्यावर पट्टी, पेन आणि शिक्क्याची डबी. समोर दोन माणसं, एक विकणारा आणि एक घेणारा, दोघंही मनातून एकमेकांना चोर समजणारी. त्यांच्यामधला कागद मी लिहायचो. मजकूर संपला की खाली उरलेल्या कोऱ्या जागेवर पट्टी ठेवून एक तिरकी रेघ मारायचो. कोरी जागा म्हणजे उघडं दार, कुणीही येतं आणि हवं ते लिहून जातं. आवारात सगळे मला ‘रेघकाका’ म्हणत.

पुढे डोळे अधू झाले, टेबल उचललं, आणि उरली ती राखाडी रंगाची पंधरा वर्षं जुनी गाडी. तिचं काम एकच होतं. रोज दुपारी चार वाजता बायकोला तिच्या बहिणीकडे न्यायचं. तिची ताई पुलापलीकडच्या शुश्रूषागृहात दोन वर्षं पडून होती. एक बाजू लुळी, बोलणं अर्धवट. बायको डबा घेऊन वर जायची आणि मी आवारात गाडीत बसून राहायचो, साडेसहापर्यंत. आजाऱ्याच्या खोलीचा वास मला सोसत नाही, हे मी पहिल्याच आठवड्यात सांगून मोकळा झालो होतो.

गाडी काढून टाकायची असं मी जाहीर केलं, तेव्हा ही भाजी निवडत होती.

"अहो, ताईचं आता किती राहिलंय? तेवढं होऊ द्या, मग काढा."

"बस आहे की."

"दोन बस बदलायच्या? या गुडघ्यांनी?"

"मला नीट दिसत नाही. उद्या कुणाच्या अंगावर घातली म्हणजे?"

"बाजारात जाताना बरं दिसतं तुम्हाला." तिने निवडलेली भाजी उचलली. "विचारता कशाला मग? तुम्ही मालक. कागदावर नाव तुमचं."

‘मालक’ हा तिचा जुना टोमणा. लग्न झालं तेव्हा दारावर आलेल्याला ती लाजत सांगायची, "मालक घरात नाहीत." नंतर लाज गेली आणि शब्द राहिला. ती आत गेली आणि दार आपटलं. आमच्या घरात भांडण असंच संपायचं, दार आपटून. मीही काही कमी आपटली नाहीत.

खरं सांगतो, डोळे हे निमित्त होतं. मला ते चार ते साडेसहा नको होते. म्हाताऱ्या बायकांच्या दुखण्यासाठी आपलं उरलंसुरलं आयुष्य पार्किंगमध्ये का घालवायचं, असा माझा सरळ हिशेब होता.

२

मध्ये दलाल घालायचा नाही, हे आधीच ठरलं होतं. ज्याने जन्मभर इतरांचे कागद केले, त्याने स्वतःचा कागद परक्याकडून करून घ्यायचा म्हणजे न्हाव्याने दुसऱ्याकडे दाढीला जाण्यासारखं. मी तीन दिवस टेबल मांडून बसलो. गाडीचं नोंदणी पुस्तक, विमा, धुराच्या चाचणीचा दाखला, कर भरल्याची पावती. बँकेचा बोजा नऊ वर्षांपूर्वीच उतरला होता, त्याचंही पत्र सापडलं. बॉनेट उघडून चेसिसच्या आकड्यांवर पातळ कागद धरला आणि वरून पेन्सिल घासून ठसा घेतला. हस्तांतरणाचे अर्ज दोन प्रतींत भरले. डावीकडे ‘जुन्या मालकाची सही’, उजवीकडे ‘नव्या मालकाची सही’.

राहिली ताबा पावती. लोक इथेच फसतात. गाडी देतात, हात हलवतात आणि पावतीवर वेळ लिहीत नाहीत. मग घेणारा तासाभरात सिग्नल तोडतो आणि दंड जुन्या मालकाच्या घरी येतो. ताबा कुठल्या दिवशी, किती वाजता गेला, हे मिनिटासकट हवं. छापील नमुना मला पुचाट वाटला, म्हणून मी स्वतःच्या हाताने लिहिला.

आता हाताचं असं असतं, की त्याला वळण लागलेलं असतं. बत्तीस वर्षं एकच वाक्य लिहिलं की हात ते डोक्याला न विचारता लिहितो. मी लिहिलं, ‘सदर वाहन सर्व हक्क, तदंगभूत वस्तू आणि मालकाच्या आजवरच्या वहिवाटीसह आज रोजी दुपारी ठीक चार वाजता नव्या मालकाच्या ताब्यात दिले असे. या क्षणापासून जुन्या मालकाचा कसलाही हक्क वा संबंध राहिलेला नाही. त्याने पुढे हरकत घेतल्यास ती या कागदाने रद्द समजावी.’

वहिवाट हा जमिनीचा शब्द. एखादा माणूस वर्षानुवर्षं बांधावरून जातो-येतो, विहिरीवर पाणी भरतो, झाडाखाली बसतो. त्या रुळलेल्या वापराला वहिवाट म्हणतात, आणि जमिनीबरोबर ती द्यावी लागते. गाडीच्या कागदात तिचं काहीच काम नव्हतं. पण वाचून पाहिलं तेव्हा कागद भारदस्त वाटला आणि मी तो तसाच ठेवला. खाली चार बोटं जागा उरली होती, तिच्यावर तिरकी रेघ मारली. दार बंद केलं.

३

घेणारा सोमवारी आला, चारला वीस मिनिटं कमी असताना. जाहिरात वाचून त्याआधी आलेले टायरना लाथा मारायचे आणि नाकं मुरडायचे. याने गाडीकडे पाहिलंच नाही. भावात घासाघीसही केली नाही. माझ्याहून वीतभर उंच, करड्या कपड्यांतला, चाळिशीचा की साठीचा ते सांगता येऊ नये असा माणूस. तो गेल्यावर मी चेहरा आठवायचा प्रयत्न केला आणि फक्त त्याचे हात आठवले. नखं फार स्वच्छ होती.

त्याने ताबा पावती मात्र ओळीखाली बोट धरून वाचली. असं वाचणारा माणूस मला आवडतो. एका जागी बोट थांबलं.

"वहिवाटीसह," तो म्हणाला. "म्हणजे तीही?"

"जुनी सवय हो. जमिनीच्या कागदात असतं. खोडू का?"

"नको, राहू द्या. अर्थ सांगा."

"अर्थ असा, की आम्ही जशी वापरत आलो तशीच तुम्ही वापरायला मोकळे. कुणी अडवायचं नाही."

"कशी वापरत आलात?"

मला गंमत वाटली. "आठवड्यातून एकदा बाजार. आणि रोज चारला मालकीणबाईंना त्यांच्या बहिणीकडे न्यायचं, साडेसहाला आणायचं. घरी आलं की चहा. ही आमची वहिवाट. बघा, झेपते का."

ही चहाचे कप उचलत होती. तिचा हात थांबला, पण तिने वर पाहिलं नाही.

त्याने खिशातून छोटी वही काढली आणि सगळं लिहून घेतलं. मग विचारलं, "चहानंतर?"

"चहानंतर आपली खुर्ची आणि पेपर."

"आणि त्यानंतर?"

"त्यानंतर माणूस झोपतो, दुसरं काय करणार?"

त्याने तेही लिहिलं.

सह्या झाल्या. खुंटीवरून किल्ल्यांचे दोन्ही जुडगे काढून मी त्याच्या हातावर ठेवले. दुसऱ्या जुडग्यात घराच्या दाराची किल्ली होती, हे मला चार दिवसांनी आठवलं. तेव्हा फक्त घड्याळ पाहिलं. बरोबर चार.

त्याला गेटपर्यंत सोडायला गेलो. माझा डावा पाय लहानपणापासून जरा आखूड आहे, म्हणून माझी सीट पार पुढे ओढलेली आणि पाठीला घडी घातलेली चादर. दुरुस्तीला न्यायचो तेव्हा मेकॅनिक आधी सीट मागे ढकलायचा, मग आरसा फिरवायचा आणि मग मला शिव्या घालायचा. हा एवढा उंच माणूस आत बसला आणि त्याने काहीच हलवलं नाही. सीट नाही, चादर नाही, आरसा नाही. गेटबाहेर पडताना त्याने हॉर्न दिला. दोन छोटे, एक लांब.

तो माझा हॉर्न होता. हिला खाली बोलवायचा.

४

दुसऱ्या दिवशी चार वाजता मी आडवा झालो होतो. किती वर्षांनी चार वाजता आडवा झालो म्हणून स्वतःवर खूश होतो. खालून आवाज आला. दोन छोटे, एक लांब.

ही चपला घालून, डबा घेऊन तयारच होती.

"कुठे निघालीस?"

"ताईकडे. गाडी आलीय."

"कुणाची गाडी?"

"आता मी काय सांगू कुणाची? कागद तुम्ही केलात."

मी तसाच खाली गेलो. त्याने काच अर्धी खाली घेतली. नजर समोर रस्त्यावर होती.

"अहो, हे काय? तुम्हाला कुणी सांगितलं यायला?"

"वहिवाट आहे," तो शांतपणे म्हणाला. "कागदात आहे."

माझ्याच अक्षरात होतं. शिवाय खरं सांगायचं तर मला ते सोयीचं होतं. बसची कटकट नाही, गुडघ्यांचं रडगाणं नाही, पेट्रोल त्याचं. आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला मिळतायत तर कोण नाही म्हणेल? एखादा एकटा, रिकामा जीव असेल, सोबत हवी असेल, असं मी मनाशी ठरवून टाकलं. वर आलो आणि साडेसहापर्यंत गाढ झोपलो.

५

बांध एका रात्रीत सरकत नाही. दरवर्षी नांगराचा एक चर जास्त पडतो, आणि दहा वर्षांनी शेजाऱ्याचं अर्धं शेत आपलं झालेलं असतं. अशी किती भांडणं मी कागदावर आणली होती. पण स्वतःच्या घरातला बांध सरकताना दिसला नाही.

आठवड्याने ही म्हणाली, "ते वर येतात."

"कोण?"

"ताईला उशी लावून बसवतात. काल तिच्या पायाला तेल चोळलं. ताई हसली हो. दोन वर्षांत पहिल्यांदा."

"परक्या माणसाला पायाला हात लावू देता तुम्ही?"

ती माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही. रागाने बघितलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

पुढे मी संध्याकाळी फिरायला जायला लागलो, म्हणजे ते परत येताना आपण समोर नको. एकदा सातला परतलो तर स्वयंपाकघरात दोन कप धुऊन पालथे घातलेले. माझ्या खुर्चीवर बसलो आणि लगेच उठलो. बैठक कोमट होती. पेपर माझ्यासारखा चार घड्या घालून हाताशी ठेवला होता. मी स्वतःला समजावलं, की ही बसली असेल. पण ही त्या खुर्चीवर कधी बसत नाही, पाठ दुखते म्हणते.

मग फ्रिजवर लावलेली सामानाची यादी दिसली. साबण, तूरडाळ, गुडघ्याचं मलम. अक्षर माझं. यादी मी केलेली नव्हती. पण हल्ली विसरायला होतं, केलीही असेल. खाली दोन बोटं कागद कोरा होता, आणि त्यावर पट्टी धरून मारलेली तिरकी रेघ होती.

किराण्याच्या यादीवर रेघ मारण्याइतका मी वेडा नाही. की आहे? मी ड्रॉवर उघडून पट्टी पाहिली. ती जागेवर होती, पण तिची कड ओल्या शाईने माखली होती.

"घरात कोण येतं?" मी हिला विचारलं.

"घरात दुसरं कोण येणार?" ती म्हणाली आणि कणीक मळत राहिली. गुणगुणत होती. हल्ली ती दारं आपटत नव्हती. माझं बोलणंही ऐकत नव्हती असं नाही, पण ऐकायची ते शेजारच्या घरात रेडिओ लागलाय तसं. काही कानावर पडलं तर पडलं.

मी मत्सराने जळत होतो, हे कबूल करतो. पण मत्सर कशाचा? जे मी स्वतः झटकून टाकलं त्याचा. आपण टाकलेलं दुसऱ्याने झाडून-पुसून वापरलं की ते चोरल्यासारखं वाटतं.

६

आमची मुलगी लांब असते. रविवारी सकाळी फोन करते, आधी आईशी बोलते, मग दोन मिनिटं माझ्याशी. पाऊस आहे का, गोळ्या घेता का, ठेवते. त्या रविवारी मी न्हाणीघरात होतो. बाहेरून हिचा आवाज येत होता, आणि मधूनमधून पुरुषाचा. फोन स्पीकरवर असेल आणि जावई बोलत असतील असं मला वाटलं. मग तो पुरुष खोकला. आधी दोनदा सुका, मग एकदा खोल. हा खोकला मी साठ वर्षं आतून ऐकत आलोय. बाहेरून कसा ऐकू येतो ते तेव्हा पहिल्यांदा कळलं.

अंग तसंच ओलं ठेवून बाहेर आलो. खोलीत कुणी नव्हतं. ही गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली होती. खुर्चीला हात लावायचं धाडस झालं नाही. फोन उचलून मुलीला लावला.

"काय राहिलं बाबा? आत्ता तर ठेवला आपण."

"आत्ता?"

"बाबा, आज किती छान बोललात तुम्ही. अर्धा तास! आपण आजवर कधी एवढं बोललोय का?" तिचा आवाज भरून आला होता. "मावशीकडे वर जाऊन बसता, आईच्या गुडघ्यांना शेक देता... मला खरंच रडू आलं. मला वाटायचं, तुम्हाला आमचं कुणाचं काही नाहीच."

मला राग आला. इतक्या वर्षांत तिने मला हे कधी सांगितलं नव्हतं, आणि आज सांगितलं ते त्याला.

"मी वर जात नाही," मी म्हणालो. "मी कधी गेलो नाही. ऐक, तो मी नव्हतो. मी आत्ता बोलतोय तो मी."

पलीकडे तिच्या कुकरची शिट्टी झाली.

"कोण बोलतंय?" तिने विचारलं. परक्याशी बोलतात त्या आवाजात.

७

सोमवारी चारच्या आधी मी गेटशी जाऊन उभा राहिलो. ठरवलं होतं, आज दार उघडून त्याची कॉलर धरायची. गाडी आली, दोन छोटे, एक लांब. मी मागच्या बाजूने पुढे निघालो. मागच्या काचेतून आतला आरसा दिसत होता, आणि आरशात त्याच्या चेहऱ्याचा एक पट्टा. कपाळाची खालची रेघ, भुवया, डोळे, नाकाचा वरचा भाग, बस.

नाकावर चष्म्याचे दोन खोलगट वण होते. डाव्या भुवईत एक जागा केसांविना होती, पट्टीचा कोपरा लागून मला शाळेत पडली होती तशी. दाढी करताना साबणाच्या वर जो तेवढा पट्टा उरतो तो मी रोज आरशात पाहतो. तोच होता.

चार पावलं पुढे जाऊन खिडकीतून पूर्ण चेहरा पाहता आला असता. मी गेलो नाही. खालचा अर्धा भाग त्याचा स्वतःचा असता तर बरंच झालं असतं. तोही माझा असता तर मग मी कोण म्हणून तिथे उभा होतो?

ही माझ्याजवळून गेली. डबा आज मोठा होता, दोघांना पुरेल असा. ती पुढच्या सीटवर बसली. मी चालवायचो तेव्हा ती बारा वर्षं मागेच बसत आली होती, पुढे बसली की माझं चालवणं आणि तिची भीती यांवरून भांडणं होतात म्हणून.

"निघायचं का, मालक?" ती म्हणाली.

त्या शब्दात टोमणा नव्हता. लग्नानंतरच्या वर्षी होता तसा होता तो.

८

मंगळवारी सकाळी वाहन कार्यालय उघडायच्या आधी मी दारात होतो. नोंदणी अजून नव्या नावावर चढली नसेल तर अर्ज मागे घेता येतो, मला नियम पाठ आहेत. तिसऱ्या खिडकीवरचा कारकून माझ्या ओळखीचा होता. सगळे त्याला पेंगू म्हणत. त्याच्या घराचा कागद मीच केला होता आणि एक पैसा घेतला नव्हता.

"पेंगू, एक हस्तांतरण थांबवायचंय."

त्याने नजर वर केली. त्याला पेंगू म्हटलेलं आवडलं नाही. "आपण कोण?"

"अरे, चेष्टा पुरे. जुना मालक मी. हरकत घ्यायचीय."

त्याने फाइल काढली. एक कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. "सही करून दाखवा."

मी केली. त्याने ती अर्जावरच्या सहीशेजारी धरली आणि मान हलवली. "जुळत नाही."

मला दिसत होतं. पहिलं अक्षर तेच, पण पुढचं वळण कसंतरी आलं होतं, दुसऱ्याची सही बघून बघून काढावी तशी. मी पुन्हा केली. तिसऱ्यांदा केली. हात थरथरतोय, वय झालं, असं मी म्हणालो.

"नवे मालक कालच पुस्तक घेऊन गेले," तो म्हणाला. "त्यांची एका झटक्यात जुळली. जुना माणूस आहे तो, नोंदणी कार्यालयात टेबल टाकून बसायचा. रेघकाका. माझ्या घराचा कागद त्यांनीच केला, एक पैसा घेतला नाही." त्याने ताबा पावती वर काढली आणि कौतुकाने पाहिली. "असा कागद आता कोण करतं? आणि तुमची हरकत म्हणाल तर इथे स्पष्ट लिहिलंय. हरकत घेतल्यास रद्द समजावी. यात फट सापडायची नाही तुम्हाला."

"मी लिहिलंय ते!"

"मग तर प्रश्नच मिटला," पेंगू म्हणाला आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

९

त्या दिवशी मी गावभर पायी फिरलो. घराची किल्ली खिशात होती, तरी जावंसं वाटेना. पुलावर थांबलो. शुश्रूषागृहाच्या आवारापर्यंत गेलो. माझी नेहमीची जागा, भिंतीकडेची, रिकामी होती. गाडी आता पायऱ्यांजवळ लागत असावी. दोन वर्षं तिथे बसून मी वर एकदाही का गेलो नाही, याचं उत्तर शोधायचा प्रयत्न केला. वास सोसत नव्हता, हे खोटं होतं. जमिनीचे वाद मिटावेत म्हणून मी मेलेल्या माणसांच्या खोलीत बसून कागद केलेत. वर गेलो असतो तर हिने माझ्याकडून काहीतरी अपेक्षा केली असती, एवढंच होतं. मला तेवढंही द्यायचं नव्हतं.

सातला घरी पोचलो. गाडी खाली उभी होती, तिच्या जुन्या जागी. बॉनेटला हात लावला, गरम होतं. वरच्या खिडकीत दिवा लागला होता आणि कपबशीचा आवाज येत होता. माझी किल्ली दाराला लागली नाही. आत गेली, पण फिरली नाही. बेल दाबली.

हिने दार उघडलं. साखळी लावलेली होती. केस विंचरलेले, चेहरा शांत, दोन वर्षांत पाहिला नव्हता असा. माझ्याकडे तिने नीट पाहिलं, वरपासून खालपर्यंत, आणि ओळखीचं काही सापडतंय का ते प्रामाणिकपणे शोधलं. मला ते दिसलं. नाही सापडलं.

"अगं, मी."

"कागदाचं काम आहे का?" तिने मायेने विचारलं. "ते आता कागद करत नाहीत. आणि दुपारी तर येऊच नका. चारला ते मला ताईकडे नेतात. एक दिवस चुकत नाहीत."

आतून दोनदा सुका खोकला आला, एकदा खोल. मग खुर्ची मागे सरकली. "कोण आहे गं?"

"कुणी नाही, मालक. बसा तुम्ही, चहा गार होईल." मग ती माझ्याकडे वळली. मी तसाच उभा होतो, म्हणून तिला अवघडल्यासारखं झालं असावं. "तुमचं काही द्यायचं राहिलंय का?"

सकाळी वाहन कार्यालयात नेलेली पावतीची प्रत माझ्या हातात होती. ती पुढे करून सगळं सांगता आलं असतं. हे अक्षर बघ, हा माझा हात, हा शब्द चुकून पडला. पण चुकून काय पडलं होतं? शब्द तेवढा चुकून पडला होता. बाकीचं मी शुद्धीत असताना, बोटांवर मोजून सांगितलं होतं. चार वाजता, साडेसहाला, चहा, खुर्ची, झोप. वर हसलोही होतो.

"नाही," मी म्हणालो. "सगळं दिलंय."

तिने मान हलवली आणि दार लावलं, हळूच, आवाज होऊ न देता, परक्या माणसाला वाईट वाटू नये म्हणून लावतात तसं. इतक्या वर्षांत माझ्या तोंडावर ते दार कधी इतक्या हळू लागलं नव्हतं.